खिडकीची जागा

"जरा वर घ्या... अजून थोडं... आता फार वर गेलं, खाली आणा!"

"मॅडम, एकदा काय ते ठरवा. स्टूल बी म्हातारं हाय आन् मी बी."

संग्रहालय सांभाळणाऱ्या मालविका मॅडम हसल्या. शेषेराव स्टुलावर उभे होते आणि दोन्ही हातांनी एक चित्र भिंतीला धरून होते. हिरव्या लुगड्यातली, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. चाळिशीची असेल. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळे काही ऐकत नव्हते.

"पण खिडकीशेजारीच कशाला शेषेराव? तिथं ऊन येतं. तैलरंगाला ऊन चांगलं नाही."

"सकाळचंच येतंय थोडं. आन् तिला खिडकी लागतीय." एवढं बोलून शेषेरावांनी चित्र खिळ्याला अडकवलं आणि विषय संपवला.

लातूरच्या या कला महाविद्यालयाचं संग्रहालय म्हणजे सायकल स्टँडमागची एक लांबलचक खोली. कुणा एका हौशी प्राचार्यांनी कधीकाळी तिला चुना दिला, भिंतींत खिळे ठोकले आणि दारावर 'कलासंग्रहालय' अशी भलीमोठी पाटी लावली. पाटी एवढी मोठी म्हटल्यावर आत काहीतरी असायला हवं, म्हणून दरवर्षी परीक्षेतली उत्तम चित्रं मुलांना परत न देता तिथं ठेवू लागले. पुढं चित्रं वाढली, तसे कार्यक्रमही वाढले. प्रदर्शन, व्याख्यान, सत्कार, चहापान. या सगळ्याला जे सतरंजी, समई, माईक, थर्मास लागतं, ते सगळं म्हणजे शेषेराव शिपाई. या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते.

व्याख्यानांना लातुरात गर्दी कधीच होत नसे. मोठे पाहुणे मुंबईहून यायचे आणि समोर पहिल्या रांगेत संस्थेचे चार लोक, मधे सगळी मोकळी माळरानं. मग प्राचार्य दारातून खूण करायचे आणि शेषेराव, माळीकाका, वसतिगृहाचा आचारी असे मागच्या खुर्च्यांवर येऊन बसायचे. अशा रीतीनं शेषेरावांनी चित्रकलेवरची इतकी व्याख्यानं ऐकली की दुसऱ्या कुणाला त्यावर पदवी मिळाली असती. यांना झोप मिळाली. घरी गेलं की लक्ष्मीबाई ताट वाढता वाढता विचारायच्या, "आज काय सांगितलं पाव्हण्यानं?"

"रंग लई म्हत्त्वाचा, म्हणला."

"मागल्या बारीला बी त्येच म्हणला व्हता की."

"त्यो दुसरा पाव्हणा व्हता."

"मंग दोघांचं पटतंय म्हणा," असं म्हणून त्या हसायच्या आणि हात पुढं करायच्या. कारण सत्काराचा गुच्छ पाहुणे हमखास विसरून जात. शाल नेतील, चित्र नेतील, गुच्छ मात्र टेबलावरच राहायचा. तो शेषेरावांच्या सायकलीला लटकून घरी यायचा आणि लक्ष्मीबाईंच्या पितळी तांब्यात आठवडाभर टिकायचा. गल्लीतल्या बायका विचारायच्या, काय ग बाई, रोज कुणाचा वाढदिवस असतो तुझ्या घरी?

चित्रातली हिरव्या लुगड्यातली बाई म्हणजे याच लक्ष्मीबाई.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत दोघं औश्याजवळच्या गावातच राहत. आठवडी बाजाराच्या दिवशी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर एसटीनं लातूरला यायच्या. गाडी स्टँडवर लागायच्या आत त्या खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायच्या, तीही खिडकीचीच. एकदा शेषेराव चुकून आधी आत सरकले, तर पूर्ण रस्ता त्या बोलल्या नाहीत. "तुमी तर झोपताव," असं त्यांचं म्हणणं. "खिडकी झोपणाऱ्याला कशापायी पायजे?" रस्त्यातलं प्रत्येक शेत, प्रत्येक बैलगाडी, कुणाच्या दारात मांडव पडलाय, हे सगळं त्यांना बघायचं असायचं आणि घरी आल्यावर सांगायचंही असायचं. माणसांची इतकी हौस असलेली बाई शेषेरावांनी दुसरी पाहिली नाही.

पुढं दोघं लातूरला राहायला आल्यावर एका वर्षी व्यक्तिचित्राच्या परीक्षेला मॉडेल म्हणून ठरलेले निवृत्त हवालदार आलेच नाहीत. मुलं कॅनव्हास लावून बसलेली, सर हवालदिल. तेवढ्यात लक्ष्मीबाई नवऱ्याचा विसरलेला डबा घेऊन दारात आल्या. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, बसता का जरा?"

"आगं माय!" लक्ष्मीबाई दोन पावलं मागं सरल्या. "मला काय झालंय? जित्या माणसाचं चित्र काढून भितीला लावतेत का कुठं?"

तरी बसल्या. बसल्या म्हणजे कशा, तर मुलांच्या मागं बादली घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघत. शेषेराव तळहात दाखवून 'हलू नको, हलू नको' अशी खूण करत होते आणि ते जितका तळहात दाखवत तितकं लक्ष्मीबाईंना हसू येत होतं. ते हसू त्यांनी दिवसभर ओठांत दाबून धरलं. वीरेश नावाच्या एका अबोल मुलानं ते नेमकं पकडलं. त्याला पहिला नंबर मिळाला, चित्र कॉलेजात राहिलं, आणि त्याच्याखाली चिठ्ठी लागली: 'ग्रामीण स्त्री. तैलरंग.'

लक्ष्मीबाईंनी ते एकदाच येऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "नाक माझं न्हाई. बाकी मीच हाय." त्यानंतर प्रत्येक प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एक प्रश्न ठरलेला.

"मी हाय का अजून भितीवर?"

"हाय की."

"कुणाच्या शेजारी?"

"एका घोड्याच्या."

"बरं हाय. घोडा बोलत तरी न्हाई तुमच्यासारखा आडवं."

मागच्या दिवाळीच्या आधी लक्ष्मीबाई गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणायचं राहूनच गेलं. पुण्याच्या मुलानं घाईघाईनं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, त्याला हार घातला. त्या फोटोतली बाई कुणीतरी धाक दाखवून खुर्चीत बसवल्यासारखी दिसते. मोबाईलमध्ये शोधले तर लग्नाकार्यातले पाच-सहा फोटो सापडले, त्यातल्या प्रत्येकात त्यांनी नेमके डोळे मिटलेले. शेषेराव त्या हारातल्या फोटोला रोज उदबत्ती लावत, पण मनातून त्यांना ती परकी बाई वाटे. त्यांची लक्ष्मीबाई कॉलेजच्या भिंतीवर होती.

या संग्रहालयाची एक रीत होती, त्या हौशी प्राचार्यांनीच घालून दिलेली. सत्काराला नारळ द्यायचा नाही, संग्रहातलं एक चित्र द्यायचं. पाहुण्याला तसं, आणि निवृत्त होणाऱ्यालाही तसंच. म्हणून आठवड्यापूर्वी मालविका मॅडमनी विचारलं होतं, "तुमच्या निरोपाला कुठलं चित्र देऊ शेषेराव? तुम्हीच निवडा."

नोकरीत कधी काही न मागितलेल्या माणसानं त्या दिवशी मागितलं. नीट मागताही आलं नाही. "त्ये... लुगड्यातल्या बाईचं. द्यायचं झालं तर. आमचीच हाय ती."

मॅडमना कळायला क्षणभर लागला. कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्या कॉलेजात नव्या होत्या, त्यांनी लक्ष्मीबाईंना पाहिलेलं नव्हतं. "तेच देऊ," त्या म्हणाल्या. "या प्रदर्शनात शेवटचं लावू आणि मग ते तुमचं."

त्या रात्री शेषेरावांनी आधारवरच्या फोटोला उदबत्ती लावताना सांगितलंही, "यायलीस बरं का तू घरी." दुसऱ्या दिवशी त्यांनी अडगळीतून एक जुनी सागवानी चौकट काढली, घासली, पॉलिश केली, तांब्याची भांडी घासावी तशी चमकवली आणि लक्ष्मीबाईंना तिच्यात बसवलं. सगळ्या प्रदर्शनात तेवढी एकच चौकट उठून दिसत होती. घोळ तिथंच झाला.

कार्यक्रम सकाळचा होता. नांदेडहून ज्येष्ठ चित्रकार चंद्रप्रभाताई यायच्या होत्या, विषय 'चेहरा बघताना'. त्यांना भेट द्यायला औश्याच्या किल्ल्याचं एक निसर्गचित्र संग्रहातून काढून गंजगोलाईच्या बाजारात फ्रेम करायला टाकलं होतं. संस्थेचे सचिव वसंतराव सकाळपासून फ्रेमवाल्याला फोन लावत होते. फ्रेमवाला 'निघालोच' म्हणत होता. पाहुण्यांची गाडी लातूरच्या वेशीपाशी आली तेव्हा त्यानं सांगितलं की काच तडकली, उद्या देतो.

"आता रिकाम्या हातानं पाठवायचं का बाईला?" वसंतराव कपाळाला हात लावून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. "शेषेराव, तुम्ही गेटवर जा. गाडी आली की सायकल स्टँडकडून आत घ्या. मी बघतो इकडचं."

शेषेराव गेटवर गेले. मालविका मॅडम माईकशी झटत होत्या. वसंतरावांनी भिंतींवरून एक नजर फिरवली.

चंद्रप्रभाताई चांगल्या बोलल्या. सत्तरी उलटलेली बारीक चणीची बाई, पण आवाज खणखणीत. या वेळी गर्दीही होती, मुली तर खाली सतरंजीवर बसल्या होत्या, त्यामुळं मागच्या खुर्च्या भरायला कुणाला बोलवावं लागलं नाही. शेषेराव दाराशी थर्मासपाशी उभे राहून ऐकत होते आणि आज त्यांना झोप आली नाही. "चेहरा एकट्याचा नसतो," ताई सांगत होत्या. "समोर कोण आहे, त्यावर तो ठरतो. आईसमोरचा माझा चेहरा वेगळा, पोलिसासमोरचा वेगळा." शेषेरावांना आधार कार्डावरचा फोटो आठवला आणि ते मनात म्हणाले, बरोबर बोलायली बाई.

दाराशी उभं राहिलं की खिडकीची बाजू खांबाआड जाते. म्हणून सत्कार सुरू होईपर्यंत त्यांना काही दिसलं नाही.

शाल झाली. गुच्छ झाला. मग वसंतरावांनी टेबलामागून चित्र उचललं. सागवानी चौकटीच्या कोपऱ्याला लाल रिबीन बांधलेली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, इकडं करा," तसं त्यांनी चित्र समोर बसलेल्यांकडं वळवलं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, ओठांत दाबलेलं हसू. टाळ्या पडल्या.

शेषेरावांनी हातातला कपबशांचा ट्रे खाली ठेवला. एकदा वाटलं, ओरडावं. अवो, ती माझी हाय, घरी यायली ती, मी सांगून आलोय. व्यासपीठावर सूत्रसंचालन करणाऱ्या मालविका मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी थेट दाराकडं पाहिलं आणि माईक तोंडाशी नेला. शेषेरावांनी मान हलवली. नका.

चंद्रप्रभाताईंनी मात्र चित्र इतर पाहुण्यांसारखं लगेच टेबलावर ठेवलं नाही. चष्मा वर सारून, जवळ धरून त्या बघत राहिल्या. टाळ्या थांबल्या तरी बघतच होत्या. मग पुन्हा माईककडं आल्या.

"मी तासभर जे बडबडले ते या पोरानं एका चित्रात सांगितलंय. ही बाई हसू दाबतीय. समोर कुणीतरी जिवाभावाचं उभं आहे आणि ते तिला हसवतंय. तो माणूस चित्रात नाही, पण आहे." त्या थांबल्या. "घरी मुलं शिकायला येतात माझ्याकडं, रोज दहा-वीस जण. बैठकीत, दारासमोरच लावते हिला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं आधी हिला भेटायचं, मग मला."

शेषेरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. चहाची वेळ झाली होती.

पाहुण्यांना मुरमुऱ्यांची सुशीला, पेढा आणि चहा. त्या गडबडीत मालविका मॅडम त्यांना शोधत आल्या, मागून वसंतराव.

"मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवायला हवं होतं शेषेराव. माझीच चूक," मॅडम म्हणाल्या.

"मला काय ठाऊक हो!" वसंतराव खरोखर ओशाळले होते. "ती चौकट नजरंत भरली बघा. म्हणलं, बाईला शोभंल. थांबा, मी आत्ता सांगतो त्यांना. किल्ल्याचं चित्र उद्या नांदेडला पोचवतो म्हणतो, हे राहू द्या म्हणतो. त्या कशाला नाही म्हणतील?"

"नका साहेब."

"अहो, त्यात काय आहे!" मॅडम म्हणाल्या. "त्यांना कळलं तर त्या स्वतःच आणून देतील."

"म्हणून तर कळू द्यायचं न्हाई." शेषेरावांनी समोर बोट केलं.

चंद्रप्रभाताई खुर्चीवर बसून सुशीला खात होत्या. शेजारच्या खुर्चीवर चित्र टेकवून ठेवलेलं. त्याच्याभोवती मुलींचा घोळका जमला होता. एक मुलगी चित्राशेजारी ओठ दाबून उभी राहत होती आणि दुसरी तिचा फोटो काढत होती. प्रत्येक वेळी पहिलीला हसू फुटत होतं आणि सगळ्या खिदळत होत्या.

"बघा, किती माणसं जमिवली तिनं," शेषेराव म्हणाले. मग आवाज बारीक झाला. "माझ्याकडं आली असती तर दोन खोल्या आन् मी. मी बी डुलक्या काढणार. तिला माणसं लागतेत मॅडम. आन् भरल्या मांडवात दिलेली हाय आता. पाठवणी झाल्यावर गाडी आडवतेत का?"

"मोबाईलमध्ये या चित्राचा फोटो आहे माझ्या," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "मोठा करून, फ्रेम करून देते."

"द्या," शेषेराव म्हणाले. "फोटूला धार्जिणी नव्हती ती. पर द्या."

चहा संपला. पाहुण्यांना पोचवायला सगळे गाडीपर्यंत आले. ड्रायव्हरनं डिकी उघडली आणि चित्र मागितलं.

"डिकीत न्हाई," शेषेराव म्हणाले. इतक्या ठाम आवाजात ते बोलले की ड्रायव्हरनं डिकी लावून टाकली. त्यांनी मागचं दार उघडलं, शालीची घडी सीटवर ठेवली आणि तिच्यावर चित्र उभं केलं, खिडकीशी, तोंड बाहेर. हलतं का ते दोनदा बघितलं. मग पलीकडं जाऊन चंद्रप्रभाताईंसाठी दुसरं दार उघडलं.

"बाई, तुमाला हिकडून बसावं लागंल. चालंल न्हवं?"

"चालेल की." ताई हसत आत बसल्या. "एवढी काळजी घेताय चित्राची."

"तिचं नाव लक्ष्मीबाई हाय," शेषेराव म्हणाले. "खाली नुसतं 'ग्रामीण स्त्री' लिव्हलंय. कुणी इचारलं तर सांगायला असावं, म्हणून."

"लक्ष्मीबाई." ताईंनी नाव घोळवून पाहिलं. "तुमच्या ओळखीच्या?"

"हाव. आमच्याच गावच्या."

"आहेत का अजून?"

शेषेरावांनी चित्राकडं पाहिलं. "हाय की," ते म्हणाले.

गाडी सुरू झाली, तोच मालविका मॅडम मागून धावत आल्या. गुच्छ नेहमीप्रमाणं टेबलावरच राहिला होता. शेषेरावांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि खिडकीच्या अर्ध्या उघड्या काचेतून आत, चित्राच्या कडेला ठेवला. पाहुण्यांच्या गाडीतून गुच्छ गेला, असं त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

गाडी सायकल स्टँडला वळसा घालून गेटाकडं निघाली. काचेतून हिरवं लुगडं दिसत होतं आणि ते दाबून धरलेलं हसू. शेषेरावांनी तळहात वर केला आणि गाडी औसा रोडला लागेपर्यंत तसाच धरून ठेवला. हलू नको.

वसंतरावांना वाटलं, ते पाहुण्यांना हात करतायत, म्हणून त्यांनीही केला.